कॉर्व्हेट : खप वाढला की गाडी थांबते, खप घटला की गाडी बदलते

चाकोरी

१९५३ पासून आजवर जनरल मोटर्सच्या शेव्हरोले कॉर्व्हेट या अमेरिकी स्पोर्ट्स कारच्या आठ पिढ्या झाल्या. हा इतिहास सांगताना अश्वशक्तीचे आकडे एकाखाली एक मांडण्याची पद्धत आहे आणि त्यामुळे गाडी सतत सुधारतच गेली असा समज होतो. मला तो वेगळा दिसतो. कॉर्व्हेट बंद पडण्याच्या बेतात आली की तिच्यात मोठे बदल झाले आणि ती हातोहात खपू लागली की जनरल मोटर्सने तिला सहसा हात लावला नाही, असे माझे मत आहे. ते खाली सविस्तर मांडतो. जाणकारांनी त्याचा समाचार घ्यावा.

जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अॅस्टोरिया हॉटेलात भरलेल्या कंपनीच्या प्रदर्शनात, रचना विभागाचे प्रमुख हार्ली अर्ल यांच्या कल्पनेतली ही दोन आसनी उघडी गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि त्याच वर्षी ३० जूनला मिशिगनमधल्या फ्लिंट येथे तिचे उत्पादनही सुरू झाले. पहिल्या वर्षी केवळ ३०० गाड्या झाल्या; सगळ्या पांढऱ्या, सगळ्यांची आतली सजावट लाल. पोलादी पत्र्याचे साचे करण्याचा खर्च इतक्या थोड्या गाड्यांसाठी परवडणारा नव्हता, म्हणून बॉडी फायबरग्लासची केली गेली. या निवडीचे परिणाम गमतीशीर होते. फायबरग्लासमधून वीज वाहत नसल्याने रेडिओची अँटेना चक्क डिकीच्या झाकणात जाळीच्या रूपाने बसवता आली. उलट इंजिनाच्या ठिणग्यांचा खरखराट रेडिओत येऊ नये म्हणून इग्निशनला धातूचे वेगळे आवरण घालावे लागले, कारण एरवी ते काम करणारा पोलादी पत्राच येथे नव्हता.

दिसायला गाडी देखणी होती, चालायला मात्र यथातथाच. बॉनेटखाली शेव्हरोलेच्या साध्या गाड्यांतलेच सहा सिलिंडरचे इंजिन थोडी डागडुजी करून बसवलेले होते, त्याची शक्ती १५० अश्वशक्ती होती आणि त्याला दोनच गिअरांचा पॉवरग्लाइड हा स्वयंचलित गिअरबॉक्स जोडलेला होता. दाराला बाहेरून मूठ नव्हती आणि काचांच्या जागी लावा-काढायचे पडदे होते. १९५४ मध्ये सेंट लुईसच्या कारखान्यात ३,६४० गाड्या बनल्या, त्यांतल्या बऱ्याच वर्षअखेरीस विक्रेत्यांकडेच पडून राहिल्या, आणि १९५५ मध्ये उत्पादन ७०० वर आले. त्याच वर्षी फोर्डची थंडरबर्ड १६ हजारांच्या वर खपली. कॉर्व्हेट गुंडाळावी असा विचार कंपनीत होत होता. परंतु फोर्डपुढे माघार घेतली असे दिसणे कंपनीला मानवणारे नव्हते.

याच सुमारास झोरा आर्कस-डुन्टोव्ह यांचा या कथेत प्रवेश होतो. ब्रसेल्समध्ये रशियन आईवडिलांच्या पोटी जन्मलेला हा अभियंता न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात गाडी पाहून तिच्या प्रेमात पडला आणि १९५३ मध्येच जनरल मोटर्समध्ये रुजू झाला. डिसेंबर १९५३ मध्ये त्यांनी वरिष्ठांना एक टिपण पाठवले. जुन्या फोर्ड गाड्यांची इंजिने खटपट करून वेगवान करणारी तरुण पोरे उद्या ग्राहक होतील तेव्हा ती सवयीने फोर्डकडेच जातील, त्यामुळे शेव्हरोलेने त्यांच्यासाठी आतापासूनच वेगवान इंजिनाचे सुटे भाग बाजारात आणावेत, असा त्याचा रोख होता. १९५५ मध्ये ४.३ लिटरचे व्ही-८ इंजिन आले, १९५६ मध्ये खऱ्या काचा आणि दारांना मुठी आल्या आणि १९५७ मध्ये इंधन अंतःक्षेपणाचे इंजिन आले, ज्याच्या २८३ घनइंच आकारमानातून २८३ अश्वशक्ती मिळत होती. आधीची चार वर्षे कसल्या गाडीची होती हे लक्षात घेतले तर ही उडी किती मोठी ते कळते.

दुसरी पिढी १९६३ ते १९६७ एवढीच चालली, पण आजही कॉर्व्हेट म्हटल्यावर अनेकांना तीच आठवते. अर्ल यांच्यानंतरचे रचना विभागाचे प्रमुख बिल मिचेल यांच्या देखरेखीखाली लॅरी शिनोडा यांनी रेखाटलेल्या, स्टिंग रे नावाच्या या गाडीच्या टपाची मधली कणा-रेघ मागच्या काचेचे दोन तुकडे करत खाली उतरत असे. मिचेल यांना ती रेघ म्हणजे गाडीचा प्राण वाटे. डुन्टोव्ह यांना आरशातून मागचे दिसत नाही याचा संताप होता. पहिले वर्ष मिचेल यांच्या मनासारखे झाले आणि १९६४ मध्ये काच अखंड झाली. गंमत अशी की वाईट म्हणून काढून टाकलेल्या त्या दुभंगलेल्या काचेसाठीच आज संग्राहक १९६३ च्या गाडीला चढा भाव देतात. काचेच्या भांडणात एक गोष्ट झाकली जाते : मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन याच पिढीत मिळाले आणि १९६५ मध्ये चारही चाकांना डिस्क ब्रेक आले.

तिसऱ्या पिढीविषयी मी थोडा कठोर आहे. १९६८ साली आलेल्या या गाडीचे रूप शार्क माशावरून सुचलेल्या प्रायोगिक गाडीचे होते, परंतु खालचा सांगाडा दुसऱ्या पिढीचाच होता आणि तो १९८२ पर्यंत, म्हणजे तब्बल पंधरा वर्षे, तसाच राहिला. सुरुवातीची दोन-तीन वर्षे इंजिने दांडगी होती. नंतर प्रदूषणाचे नियम, शिसेविरहित पेट्रोल आणि विम्याचे वाढते हप्ते यांमुळे ती पार दुबळी झाली. १९७५ मध्ये मूळ इंजिनाची शक्ती १६५ अश्वशक्तीवर आली आणि उघडी गाडीही त्याच वर्षी बंद झाली. असे असताना खप मात्र चढतच गेला. १९७९ या एका वर्षात ५३,८०७ कॉर्व्हेट बनल्या आणि तो विक्रम आजही मोडलेला नाही. ज्या काळात गाडी सर्वांत कमी बदलली त्याच काळात ती सर्वांत जास्त खपली, आणि खपते आहे म्हणूनच ती बदलली नाही.

डुन्टोव्ह यांना तर इंजिन चालकाच्या मागे हवे होते. १९६० मध्ये त्यांनी तशी प्रायोगिक गाडी करून दाखवली, १९६४ मध्ये दुसरी केली, १९७० च्या न्यूयॉर्क प्रदर्शनात तिसरी लोकांनी पाहिली. दर वेळी उत्तर एकच आले : आहे ती गाडी विकली जातेच आहे, मग नव्या गिअरबॉक्सवर आणि सांगाड्यावर पैसा का ओतायचा? १९७५ मध्ये ते निवृत्त झाले, १९९६ मध्ये वारले. त्यांच्या अस्थी केंटकीतल्या बोलिंग ग्रीन येथील कॉर्व्हेट संग्रहालयात जतन केल्या आहेत, आणि मध्यभागी इंजिन असलेली कॉर्व्हेट जुलै २०१९ मध्ये जाहीर झाली.

हडपसरकर

लेख वाचनीय आहे, पण मूळ सिद्धान्त मला सरसकट मान्य नाही. वाहन उद्योगात आयुष्य गेल्यामुळे दोन आक्षेप नोंदवतो.

पहिला आक्षेप आकड्यांचा. अमेरिकेत १९७१ पर्यंत इंजिनाची अश्वशक्ती मोजताना ते उघडे, टेबलावर, पंखा आणि सायलेन्सर वगैरेंचा भार न घालता चालवत. १९७२ पासून हा सगळा भार जोडून मोजण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे १९७० च्या एलटी-१ इंजिनाचे ३७० आणि १९७५ चे १६५ हे आकडे शेजारी ठेवले तर घसरण खरी आहे त्याहून भयंकर वाटते. घसरण झालीच, त्यात शंका नाही. तिचा काही भाग मोजपट्टी बदलल्याचा आहे.

दुसरा आक्षेप कारणांचा. सत्तरच्या दशकात कंपनीने हात आखडता घेतला हे खरे, परंतु तिचे अभियंते त्या काळात रिकामे बसले नव्हते. १९७३ मध्ये ताशी ५ मैलांची धडक सोसणारा पुढचा बंपर द्यावा लागला, १९७४ मध्ये मागचा, १९७५ मध्ये धुराड्यात धूर स्वच्छ करणारा उत्प्रेरक आला. १९८० मध्ये तर सरकारी नियमाने स्पीडोमीटरचा काटा ८५ मैलांच्या पुढे जाईनासा झाला आणि कॅलिफोर्नियात ५ लिटरचे १८० अश्वशक्तीचे इंजिन, तेही केवळ स्वयंचलित गिअरसह, विकावे लागले. नियमांची पूर्तता करण्यातच अंदाजपत्रक संपत असेल तर नवा सांगाडा कुठून येणार? याला आळस म्हणणे अन्याय होईल.

शिवाय आपल्या सूत्रात न बसणारे उदाहरण आपल्याच लेखात आहे. १९६२ मध्ये १४,५३१ गाड्या खपल्या, तो पहिल्या पिढीचा उच्चांक होता. म्हणजे गाडी उत्तम चालत असताना कंपनीने ती बाजूला ठेवून संपूर्ण नवी स्टिंग रे आणली. हे कसे?

रेवती_मिशिगन

आपण दोघांनीही चौथ्या पिढीला वगळलेत, याचा निषेध नोंदवते!

या पिढीचा जन्मच अडखळत झाला. १९८३ हे कॉर्व्हेटचे तिसावे वर्ष, पण त्या वर्षाचे मॉडेल विक्रीला आलेच नाही. चाचणीसाठी ४३ गाड्या तयार झाल्या होत्या, दर्जा आणि नियम यांची जुळणी होईना, म्हणून कंपनीने ते वर्षच सोडून दिले आणि गाडी १९८४ ची म्हणून विकली. त्या ४३ पैकी एकच पांढरी गाडी वाचली आणि ती आज संग्रहालयात आहे. कारखाना १९८१ मध्येच सेंट लुईसहून बोलिंग ग्रीनला हलला होता, म्हणजे नवी जागा, नवे यंत्र आणि नवी गाडी हे सगळे जवळपास एकाच वेळी आले.

आमच्या शेजाऱ्यांकडे या पिढीची उघडी गाडी आहे आणि तिच्यात बसण्याचा योग मला आला आहे. दाराच्या खालचा उंबरा इतका उंच आणि रुंद आहे की आत बसणे म्हणजे बाथटबमध्ये उतरणे. टप काढता यावा आणि तरी गाडी पिळवटू नये म्हणून सांगाड्याची सगळी ताकद त्या दोन उंबऱ्यांत ओतलेली आहे. हँडब्रेक चालकाच्या डावीकडे, आसन आणि उंबरा यांच्या बेचक्यात असतो, आणि तो ओढून झाला की त्याची मूठ पुन्हा खाली पडते. त्यामुळे ब्रेक लागलेला आहे की नाही हे नवख्या माणसाला कळतच नाही. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमाला साडी नेसून या गाडीने जाण्याचा हट्ट मी एकदा केला होता. उतरताना जी कसरत झाली तिचे वर्णन येथे करत नाही.

याच पिढीतली १९९० ची झेडआर-१ ही कॉर्व्हेटच्या इतिहासातली सर्वांत विलक्षण गाडी होती, असे माझे ठाम मत आहे. तिचे ३७५ अश्वशक्तीचे, चार कॅमशाफ्टचे इंजिन लोटस या इंग्लंडमधल्या स्पोर्ट्स कारच्या कंपनीने रचले आणि ते जोडले जात होते ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटर येथे, मर्क्युरी मरीन या बोटींची इंजिने बनवणाऱ्या कंपनीत. अॅल्युमिनियमवर इतके काटेकोर काम करण्याची सवय तिथल्या कामगारांना होती. डेट्रॉईटच्या कंपनीने आपल्या सर्वांत प्रतिष्ठेच्या गाडीचे इंजिन बोटवाल्यांकडे सोपवावे, यातच त्या काळच्या जनरल मोटर्सची अवस्था दिसते.

चाकोरी

हडपसरकर, १९६२ चा मुद्दा रास्त आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर आहे. स्टिंग रेचे मूळ विक्री विभागात नव्हते, शर्यतीत होते. १९५७ मध्ये अमेरिकी मोटार उत्पादकांच्या संघटनेने कारखान्यांनी शर्यतीत भाग घेऊ नये असे ठरवले, तेव्हा कंपनीकडे पडून असलेल्या एका शर्यतीच्या सांगाड्यावर मिचेल यांनी स्वतःच्या खर्चाने १९५९ ची स्टिंगरे रेसर उभी केली आणि खासगी गाडी म्हणून पळवली. १९६३ ची गाडी तिच्यावरूनच आली. जॅग्वारने १९६१ मध्ये स्वतंत्र मागच्या सस्पेन्शनची ई-टाइप आणल्यावर ताठ मागचा एक्सल घेऊन कॉर्व्हेटला मिरवणे अवघडच होते. म्हणजे खप चांगला असला तरी मान खाली जात होती. माझ्या सूत्रात खपाबरोबर मान हा शब्दही घालायला माझी हरकत नाही.

रेवतीताई, झेडआर-१ विषयी पूर्ण सहमत. तिच्यानंतरचा काळ मात्र माझ्या बाजूने साक्ष देतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जनरल मोटर्स प्रचंड तोट्यात होती, कॉर्व्हेटचे वार्षिक उत्पादन वीस हजारांच्या आसपास रेंगाळत होते आणि १९९३ मध्ये अपेक्षित असलेली पाचवी पिढी पुढे ढकलली जात १९९७ मध्ये आली. ती आली ती मुळापासून नवी होऊन. सांगाड्याच्या दोन्ही बाजूंचे रूळ पाण्याच्या दाबाने अखंड नळीतून घडवले गेले, त्यामुळे रेवतीताईंना छळणारा उंबरा बराच खाली आला. गिअरबॉक्स इंजिनापासून सोडवून मागच्या एक्सलपाशी नेला गेला आणि वजन पुढेमागे जवळपास सारखे वाटले गेले. इंजिन अॅल्युमिनियमचे, ५.७ लिटरचे, ३४५ अश्वशक्तीचे होते, पण झडपा उघडणारी रचना जुनीच दांडी-ढकल पद्धतीची ठेवली गेली, कारण तिने इंजिन बुटके राहते आणि बॉनेट खाली ठेवता येते. फरशीत बाल्सा लाकडाचा थर होता, हेही जाता जाता सांगतो. चाळीस वर्षांच्या कॉर्व्हेटची पुन्हा मांडणी करणारी गाडी ती हीच.

सहाव्या पिढीत १९६२ नंतर प्रथमच उघडे दिवे आले आणि २००९ मध्ये ६३८ अश्वशक्तीची झेडआर-१ आली. सातव्या पिढीत चौकोनी मागचे दिवे आले आणि त्यावरून जुन्या मंडळींनी कंठशोष केला. या दोन्ही गाड्या उत्तम होत्या, पण दोन्ही पाचव्या पिढीच्या आराखड्याचीच पुढची पायरी होत्या, म्हणून त्यांवर अधिक लिहीत नाही.

कोकणरेल्वे

मागच्या सस्पेन्शनचा उल्लेख दोनदा आला, पण त्यातली सर्वांत मजेदार गोष्ट राहून गेली. १९६३ पासून २०१९ पर्यंत कॉर्व्हेटची मागची चाके पाट्यांवर होती. आपल्याकडे ट्रकखाली असतात तेच पाटे, फक्त लांबीच्या दिशेने नव्हे तर रुंदीच्या दिशेने, डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत आडवे टाकलेले. यावरून युरोपातील पत्रकारांनी कॉर्व्हेटला पुष्कळ टोमणे मारले.

टोमणे मारणाऱ्यांनी खाली वाकून मात्र पाहिले नव्हते. १९६३ मध्ये नऊ पोलादी पाट्यांचा थर होता. १९८१ पासून स्वयंचलित गिअरच्या गाड्यांना त्याऐवजी फायबरग्लासचा एकच पाटा दिला गेला. पोलादी पाट्यांचे वजन अठरा किलोंच्या वर, या एका पाट्याचे चार किलोंच्याही आत. चौथ्या पिढीत तसाच पाटा पुढेही आला. आडवा पाटा उंचीची जागा खात नाही, वजन खाली ठेवतो आणि एक चाक वर गेले की दुसऱ्यावर थोडा ताण देत गाडी कलण्यालाही आळा घालतो. पैसे वाचवण्यासाठी निवडलेला भाग पुढे गुणांवर टिकून राहिला. आठव्या पिढीत पाटा गेला याचे साधे कारण असे की इंजिन आणि गिअरबॉक्स मागे आल्यावर तो आडवा टाकायला जागाच उरली नाही. तेथे कॉइल स्प्रिंगा आल्या.

शर्यतींचाही एक प्रसंग येथे यायला हवा. १९६० च्या ल मॉंच्या चोवीस तासांच्या शर्यतीत ब्रिग्ज कनिंगहॅम यांच्या कॉर्व्हेटचे इंजिन अखेरच्या टप्प्यात तापून बसायला आले आणि नियमामुळे पाणी भरता येईना. मेकॅनिकांनी खाण्यापिण्याच्या तंबूतला बर्फ आणून इंजिनाभोवती रचला, थोडे फेरे हळूहळू मारले, पुन्हा बर्फ रचला, असे करत जॉन फिच आणि बॉब ग्रॉसमन यांनी गाडी आठव्या क्रमांकावर आणि आपल्या गटात पहिली आणली. फायबरग्लासच्या गाडीला बर्फाचा लेप, हे दृश्य पाहायला मिळायला हवे होते.

हडपसरकर

चाकोरी, खपाबरोबर मानही जोडल्यावर तुमचे सूत्र सुधारले, परंतु आता ते इतके सैल झाले की त्यात काहीही बसेल. माझा शेवटचा आकडा घ्या. आठवी पिढी २०२० मध्ये आली आणि २०२३ या मॉडेल वर्षात ५३,७८५ गाड्या बनल्या. १९७९ च्या विक्रमापेक्षा अवघ्या २२ कमी. १९७९ ची गाडी जुनाट होती आणि २०२३ ची गाडी सर्वांत धाडसी. खप आणि बदल यांचे विळ्या-भोपळ्याचे नाते असते तर हे झाले नसते. शिवाय ती खपू लागल्यावर कंपनी थांबलीही नाही. २०२३ मध्ये ५.५ लिटरचे, मिनिटाला ८,६०० फेरे घेणारे ६७० अश्वशक्तीचे झेड०६ इंजिन आले, पुढची चाके विजेवर फिरवणारी ई-रे आली आणि त्यानंतर दोन टर्बो लावलेली १,०६४ अश्वशक्तीची झेडआर-१ आली.

चाकोरी

हा मुद्दा मी मान्य करतो, तरी २०१४ ते २०१९ हा काळही पाहावा. सातव्या पिढीची गाडी पुढे इंजिन ठेवून मिळवता येण्यासारखे जवळपास सगळे मिळवून बसली होती. शेवटच्या झेडआर-१ ची शक्ती ७५५ अश्वशक्तीवर गेली आणि ती सगळी फक्त मागच्या दोन चाकांवर उतरवायची होती. वजन मागे नेल्याशिवाय ती शक्ती रस्त्याला लागणार नव्हती. ग्राहकही वयस्क होत चालले होते. तेव्हा खप कोसळण्याची वाट न पाहता कंपनीने पाऊल उचलले, हे तिच्या श्रेयाचे आहे. मूळ किंमत ६० हजार डॉलरच्या पाच डॉलर खाली ठेवणे आणि काढलेला टप व गोल्फची थैली मावेल इतकी डिकी मागे राखणे या दोन गोष्टींवर मुख्य अभियंता टॅज युक्टर यांच्या चमूने तडजोड केली नाही. फेरारीच्या मांडणीची गाडी शेव्हरोलेच्या दुकानात मिळू लागली ती यामुळे.

नवा_सभासद_भोसरी

दोन प्रश्न आहेत. कॉर्व्हेट भारतात कधी विकली गेली का? आणि नव्या गाडीत हाताने टाकायचा गिअर का नाही? सातव्या पिढीत तर सात गिअरांचा होता असे वाचले आहे.

कोकणरेल्वे

कंपनीने भारतात कॉर्व्हेट अधिकृतपणे कधीच विकली नाही. तळेगावच्या कारखान्यातून शेव्हरोलेच्या छोट्या गाड्या निघत, आणि २०१७ च्या अखेरीस कंपनीने भारतातली विक्रीच थांबवली. सात पिढ्यांपर्यंत कारखान्यातून उजव्या सुकाणूची कॉर्व्हेट निघतच नव्हती. ती प्रथम आठव्या पिढीत निघाली आणि इंग्लंड, जपान, ऑस्ट्रेलिया येथे गेली. तोवर येथले दुकान बंद झालेले होते.

गिअरचे कारण सांगाड्यात आहे. आठव्या पिढीत दोन आसनांमधला बोगदा हा गाडीचा कणा आहे. उंबरे बुटके ठेवूनही गाडी पिळवटत नाही ती त्याच्या जोरावर. हाताच्या दांड्यापासून मागच्या गिअरबॉक्सपर्यंत जोडणी न्यायची तर त्या कण्याला नेमके भोक पाडावे लागले असते. क्लचच्या पेडलसाठी पायाशी जागा काढावी लागली असती ती वेगळीच. शिवाय सातव्या पिढीच्या अखेरीस हातगिअर मागणारे ग्राहक इतके कमी झाले होते की एवढ्या थोड्या नगांसाठी नवा गिअरबॉक्स रचून द्यायला पुरवठादार उत्सुक नव्हते. म्हणून ट्रेमेक या गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीचा दोन क्लचांचा आठ गिअरांचा बॉक्स आला, त्याचे गिअर सुकाणूमागच्या पट्ट्यांनी बोटाने बदलता येतात, आणि दोन्ही पट्ट्या एकदम ओढून धरल्या की क्लच सुटतो.